खुएताईच्या दारावरचा आरसा

हनोई, २५ मे

श्रीमती खुए यांना समोरच्या घरातून दीऊचा नमस्कार.

तुमच्या आणि माझ्या दारात गल्लीचं चार हातांचं अंतर. तरी कागद-पेन घेऊन बसावं लागतंय, कारण तोंडी विचारायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. फोन उचलत नाही. काल फाटकातून दोनदा हाक मारली, तर मान वळवली नाहीत. आता ही चिठ्ठी तुमच्या फाटकाखालून सरकवते. वाचा, नाहीतर चुलीत घाला.

प्रश्न एकच आहे. काल सकाळी शिडीवर चढून तुम्ही दारावर तो आठ कोनांचा आरसा ठोकलात, तो आमच्या घराकडे तोंड करून का?

असा आरसा लोक कशाला लावतात हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्याला नको असलेलं सगळं समोरच्याच्या घरात परत धाडायचं, त्यासाठी. आणि समोर कोण झोपलंय? माझा नवरा. हिवाळ्यात थुआनचं अर्धं अंग गेलं तेव्हा कबुतर घालून केलेली पेज घेऊन रोज कोण येत होतं? तुम्हीच ना? चमच्याने भरवताना त्याची हनुवटी पुसायचात. त्याच माणसावर आता आरसा रोखलात. मला यातलं काही म्हणजे काहीच कळेनासं झालंय.

आमच्या घराच्या नव्या दर्शनी भागाचा राग आलाय का? पण तो का बांधला, हे तुमच्यासमोरच ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुपारची शांत झोप मिळाली तर हात-पाय लवकर हलतील. आणि तुमच्या भिंतीला लागून ते स्टीलच्या फाटकांचं वर्कशॉप. ऐन दुपारी, सगळं शहर आडवं झालेलं असताना, यांचं पत्रे कापणं चालू. वॉर्डात तक्रार केली, मालकाच्या पाया पडून झालं. शेवटी आमचा लाम म्हणाला, "आई, लोकांची तोंडं बंद करता येत नाहीत. घराचाच चेहरा बदलू." पोटचा पोरगा आर्किटेक्ट असल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा. त्याने गॅलरीपुढे भाजलेल्या मातीच्या तिरक्या पट्ट्यांचा पडदा आखून दिला. त्यामागे गॅलरी, गॅलरीच्या छताला भोकांचे बोर्ड, आणि मग कुठे खोलीची खिडकी. तीन आठवडे झाले काम संपून. थुआन दुपारी झोपतो, खरंच झोपतो. पाऊस आला की गॅलरीत तळं साचतं आणि पट्ट्यांच्या फटीतून आभाळाशिवाय काही दिसत नाही, एवढं सोडलं तर सगळं छान झालंय.

मग तुमचं काय दुखलं? नव्या बांधकामाने तुमचा उजेड तर अडवला नाही ना? तसं असेल तर सांगा.

काल आरशाची ती लाल कड नजरेला पडली आणि मी आत येऊन फाटक आपटलं, ते तुम्हाला ऐकू गेलंच असेल. मुद्दामच आपटलं होतं. तेव्हापासून तुमच्या दारावरून जाताना मी मान खाली घालून जाते. त्या काचेत आपलं तोंड दिसलं तर काय घ्या.

उत्तराची वाट पाहते.

दीऊ


३१ मे

खुएताई,

सहा दिवस 'तुम्ही' म्हणून पाहिलं. जमत नाही. जीभ अडखळते आणि आपण कुणा दुसरीलाच लिहितोय असं वाटतं. तर आता 'तू'.

तू उत्तर दिलं नाहीस. परवा दोघी एकाच वेळी फाटकात आलो तर कपाळ दाबत आत निघून गेलीस. दीऊचं तोंड बघून तुझं डोकं दुखतं, इथपर्यंत गोष्ट गेली?

आठव जरा. गिरणीत तुझा माग आणि माझा माग शेजारी-शेजारी. मी नवी, भित्री, आणि मागांचा तो खडखडाट, की आपलं रडणं आपल्यालाच ऐकू येऊ नये. तू मला ओठ वाचायला शिकवलंस. नाकावर बोट म्हणजे मुकादम आला. बाही झटकली म्हणजे धागा तुटला. कानाची पाळी ओढली म्हणजे सुटी झाल्यावर थांब, काहीतरी मजेशीर सांगायचंय. गिरणी बंद पडली, आपण म्हाताऱ्या झालो, तरी तू दारात भाजी निवडत बसायचीस, मी वरून गॅलरीतून ओठ हलवायची, आणि मधून वर्कशॉप बोंबलत असलं तरी आपलं सगळं बोलून व्हायचं. थुआन आतून म्हणायचा, "दोघी मुक्यानेच एवढं हसतात कशाला?"

आता पट्ट्यांमुळे तू दिसत नाहीस हे खरं आहे. त्याचाच राग आहे का? बाई गं, नवऱ्याचा जीव महत्त्वाचा की गप्पा? की तुला वाटलं, दीऊने पोराच्या पैशावर घर सजवलं आणि जुन्या मैत्रिणीच्या तोंडावर पडदा ओढला? तू एकदा आली होतीस, काम नुकतंच झालं होतं तेव्हा. फाटकातूनच म्हणालीस, "दीऊ, तुझं घर माझ्या अंगावर ओरडतं गं." मला वाटलं, पट्ट्यांचा तांबडा रंग तुला भडक वाटला. मी हसून म्हटलं, "ओरडू दे, नवं आहे ना!" तू हसली नाहीस. ते टोमण्यासारखंच बोलली होतीस ना? मी बरोबर समजले ना? आता त्याचीही खात्री वाटत नाही.

अजून दोन गोष्टी कानावर आल्यात. गल्लीच्या तोंडाशी बसणारी चहावाली म्हणाली, "तुमच्या खुएबाई घर विकतायत. हायफोंगला लेकीकडे जाणार. गिऱ्हाईक बघून गेलं." मी म्हटलं, "हो, मला माहीत आहे." खोटं बोलले. चहा तसाच ठेवून आले.

दुसरी गोष्ट म्हणजे तुझ्या आरशावर उतारा विचारायला मी त्राक गुरुजींकडे गेले होते. तेच ते, होकायंत्र घेऊन घरं बघतात ते. त्यांनी डोळे मिटले, बोटं मोजली आणि म्हणाले, "समोर आरसा लागला असेल, तर तुमच्याकडे त्याच्याहून मोठा हवा." लामला फोनवर सांगितलं, तर तो दानांगहून ओरडला, "आई, घराला आता एकही वस्तू चिकटवायची नाही. तुला माझी शपथ आहे." म्हणून थांबलेय. नाहीतर तुझ्याहून मोठा आरसा लावण्याइतकी मी चिडलेली आहे, हे तुला कळलेलं बरं.

घर खरंच विकतेयस का? मला न सांगता?

दीऊ


९ जून

हायफोंगच्या पत्त्यावर

खुएताई,

चिठ्ठ्या फाटकाखालून सरकवणं संपलं. आता तिकीट लावावं लागतं. तू गेलीस तेही मला चहावालीकडूनच कळलं. लेकीचं घर बघायला गेलीस, महिनाअखेर येऊन सामान बांधणार, असं म्हणाली.

काल पौर्णिमा होती. तू गावाला गेलीस की होआन भावोजींच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायचं काम माझं, ते गेल्यापासून. या वेळी तू सांगितलं नाहीस. पण किल्ली अजून माझ्याच खिळ्यावर आहे, ती तू मागून नेली नाहीस. मग मी काय समजायचं? मी असं समजले की पौर्णिमेला दिवा नसला तर भावोजी तुला काही म्हणणार नाहीत, मला म्हणतील. मान खाली घालून, त्या आरशाखालून, तुझ्या घरात शिरले.

साऊची हिरवी, आंबट फळं नेली होती. भावोजींना ती मिठाशी खायला आवडायची. बशी ठेवली, उदबत्ती लावली, हात जोडले. मनात म्हटलं, "भावोजी, तुमच्या बायकोला झालंय काय, ते तुम्ही तरी सांगा."

तेवढ्यात शेजारी पत्रा कापायला सुरुवात झाली.

ताई, मी खाली बसले. तो आवाज शेजारून येत नव्हता. तो समोरून येत होता, उघड्या दारातून, आमच्या घराकडून. वर्कशॉप तुझ्या भिंतीला लागून, तोंड मात्र गल्लीकडे. त्यामुळे तुला त्याचा त्रास कधी फारसा नव्हता, तूच म्हणायचीस. आता तोच आवाज आमच्या पट्ट्यांवर आपटून सरळ तुझ्या पुढच्या खोलीत उतरत होता. तसबिरीची काच थरथरत होती. मी दार लावून बघितलं, तरी फटींतून येतच होता. मोठ्याने एक शब्द बोलून पाहिला, माझा मलाच ऐकू आला नाही. असा आवाज मी गिरणीनंतर पहिल्यांदा ऐकला.

मग मला बाकीचं दिसू लागलं. तुझी खाट पुढच्या खोलीत नव्हती. ती मोरीजवळ, स्वयंपाकघरात, गॅसच्या नळीला लागून. तिथे पाय पसरायलाही जागा नाही. आणि तसबिरीमागे साखरेच्या डब्यात, कापसात गुंडाळलेलं, तुझं कानातलं यंत्र.

गिरणीने तुझे कान खाल्ले. लेकीने गेल्या वर्षी हौसेने ते यंत्र आणलं, तू किती नखरे केलेस, मग मला वरून ओठांनी म्हणालीस, "पोपट ऐकू आला, दीऊ. खराखुरा पोपट." तेच यंत्र तू डब्यात घातलंस, कारण ते घातल्यावर हा आवाज किती मोठा होऊन तुझ्या डोक्यात शिरत असेल, आणि काढलं तरी हादरा उरतोच.

म्हणजे मी फाटकातून मारलेल्या हाका तुला ऐकूच गेल्या नसतील. फोनही वाजलेला कळला नसेल. पण चिठ्ठ्या तर मिळाल्या होत्या ना? मग लिहिलं का नाहीस? "दीऊ, तुझ्या घराने माझ्या घरात राहणं मुश्कील केलंय," एवढी एक ओळ? की फाटकातून सांगितलंस तेच ते होतं, आणि मी हसले?

मला कळत नाही, ताई. जो पडदा माझ्या माणसाला झोपवतो, तोच तुला घराबाहेर काढतो. लामने असं कसं केलं? तो तर तुझ्या मांडीवर वाढलेला पोरगा.

मी त्याला बोलावून घेतलंय. डबा जागच्या जागी ठेवलाय.

दीऊ


११ जून

खुएताई,

मागच्या पत्रात 'लामने असं कसं केलं' असं लिहिलं. ते खोडून टाक. मी तेव्हाच थोडं ओळखलं होतं, पण लिहायचं धाडस झालं नाही.

लाम काल आला. बॅगही ठेवली नाही, तेवढ्यात पावसाची सर आली आणि गॅलरीत पाणी धावू लागलं. तो बघतच राहिला.

"आई, पाणी आत कसं येतंय?"

मी म्हटलं, "पाऊस आहे. येणारच."

"मी आखलेल्या पट्ट्यांवरून पाणी बाहेर पडायला हवं. हे आत ओतलं जातंय." त्याने वाकून फटीतून बघितलं. "आणि इथून खालची गल्ली दिसायला हवी, खुएमावशीचं दार. हे तर आभाळ दिसतंय. या पट्ट्या उलट्या बसल्यात. गवंड्याला काय, नकाशा कळत नाही?"

मी पुसायचं फडकं पिळत राहिले. तो माझ्याकडे वळला. पोटच्या पोराला आपलं तोंड वाचता येतं, त्याला गिरणीत शिकावं लागत नाही.

"आई, कुणी सांगितलं उलट्या बसवायला?"

त्राक गुरुजींनी सांगितलं, ताई. लाम दानांगला होता. गुरुजी होकायंत्र फिरवून म्हणाले, पाणी म्हणजे घराचं सत्त्व. ते पट्ट्यांवरून बाहेर ओघळणार, आणि आत दुखणेकरी निजलेला. त्याचं आयुष्य थेंबाथेंबाने गल्लीत वाहून जाईल. पाणी आत वळलं पाहिजे. मी मोठी शहाणी, लोकांना हसणारी, त्या दिवशी थुआनचा तो लोंबता हात बघितला आणि गवंड्याला म्हटलं, फिरव सगळ्या. तुझ्यासमोर तेव्हा बोलले नाही, कारण तू म्हणाली असतीस, "वेडी की काय!" आणि मग मला ते करता आलं नसतं.

लाम जमिनीवर बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. शाळेतल्या मुलाला समजवावं तसं मला समजावू लागला.

"आई, हा आवाज आपल्याला परतवायचा नव्हता. खालून येणारा आवाज या फटींतून आत घ्यायचा आणि छताच्या भोकांच्या बोर्डांनी गिळून टाकायचा. म्हणून तर ते बोर्ड लावले. उलट्या पट्ट्या तो गिळत नाहीत, खाली समोरच्या घरात फेकतात. समोर कोण राहतं?"

"मला माहीत आहे समोर कोण राहतं," मी ओरडले.

आणि आता ऐक. त्याच त्राक गुरुजींची छत्री मी मे महिन्यात तुझ्या फाटकाला अडकवलेली पाहिली होती. तेव्हा लक्षात आलं नाही. आवाजावर उपाय म्हणून तो आरसा त्यांनीच तुला दिला ना? तुला आरसा, मला त्याहून मोठा आरसा. माणसाने धंदा करावा, पण निदान गल्ली तरी बदलावी!

म्हणजे आता सगळं कळलं, असं तुला वाटेल. मला नाही वाटत. कारण पट्ट्या फिरवायच्या म्हटल्यावर गवंड्याला बोलवायला मी तयार होत नाहीये. गुरुजी लबाड आहेत हे मला दिसतंय. पण लबाड माणसाचं बोलणं एखाद्या वेळी खरं निघालं तर? पट्ट्या उलट्या झाल्यावरच थुआनचा अंगठा हलला, ताई. झोपेमुळे हलला, असं लाम म्हणतो. मग पाण्यामुळे नाही, हे कोण सांगणार? तुझं घर वाचवायला मी त्याचा जीव पणाला लावू का? आणि नाही लावला, तर तुझ्या मोरीजवळच्या खाटेवर पाय ठेवून रोज जगायचं, ते कसं?

शेवटी थुआनलाच विचारलं. सगळं सांगितलं, पाण्याचंही, तुझ्या खाटेचंही. त्याला एक-एक शब्द ओढून काढावा लागतो, तुला माहीत आहे. म्हणाला, "माझं आयुष्य... काय... पन्हळीतून... जातंय?"

मग त्याने डोळे मिटले. मला वाटलं, झोपला.

"फिरव," म्हणाला. "खुएला... ऐकू... दे."

मी मोरीत जाऊन रडले. तिथे नळ सोडला की कुणाला कळत नाही.

दीऊ


१८ जून

खुएताई,

पट्ट्या फिरवल्या. गवंड्याने चार दिवस घेतले आणि चारही दिवस बडबडला, "आधी अशा, मग तशा, मग पुन्हा अशा." लामने त्याला थंड बिअर पाजून गप्प केलं.

आज दुपारी जोराचा पाऊस झाला. मी थुआनचा हात धरून बसले होते. पाणी पट्ट्यांवरून बाहेर पडत होतं, धारा लागल्या होत्या, सगळं गल्लीत. मी त्याच्या छातीकडे बघत होते, वर-खाली होते की नाही. पावसातच वर्कशॉप सुरू झालं. पूर्वीपेक्षा थोडं जास्त ऐकू आलं, खोटं कशाला सांगू. तो एकदा कुशीवर वळला आणि घोरायला लागला. ते घोरणं मला आयुष्यात पहिल्यांदा गोड लागलं.

मग किल्ली घेऊन तुझ्या घरात गेले. पुढच्या खोलीत उभी राहिले. आवाज आहे, शेजारचा आहे, पूर्वी असायचा तेवढाच. तसबिरीची काच हलत नाही. तुझी खाट लामने आणि मी मिळून होती तिथे आणून ठेवली. विचारलं नाही, क्षमा कर.

हे सगळं झाल्यावर परत आले, गॅलरीत उभी राहिले आणि सवयीने फटीतून खाली बघितलं. लाम म्हणाला होता तसं, तुझं दार दिसलं. इतके दिवस मी वरून आभाळ बघत होते आणि खालून जाताना मान खाली घालत होते. आज पहिल्यांदा त्या आरशाकडे सरळ बघितलं.

ताई, त्यात काच दिसेना. लाल कड, हिरव्या रेघा, आणि मध्ये कागद. डोळे फुटले की काय म्हणून चष्मा आणला. मग खाली उतरून तुझ्या शिडीवर चढले, माझ्या वयाला न शोभेल अशी. तो तुझ्या स्वयंपाकघरातल्या रोज फाडायच्या कॅलेंडरचा कागद आहे. खळ लावून काचेवर नीट चिकटवलाय, चारही कोपरे दाबून. उन्हाने पिवळा पडलाय, पण आकडा वाचता येतो. २४ मे.

ज्या दिवशी ठोकलास, त्याच दिवशीचा.

तुझ्या डोक्यात तो आवाज घणाचे घाव घालत होता, तू उपाय म्हणून आरसा आणलास, वर चढलीस, आणि समोर थुआन झोपलाय हे आठवून आरशाचा डोळा झाकलास. मग लोकांना वाटू दिलंस की दीऊवर आरसा रोखलाय. मला वाटू दिलंस. मी फाटक आपटलं तेव्हा तू कदाचित शिडीवर खळच लावत होतीस. आणि मी तुला सहा दिवस 'तुम्ही' म्हणत होते.

मी तो कागद काढला नाही. आरसाही काढला नाही. ते तुझं तू काढ.

घर विकायचं की नाही, ते तू ठरव. त्या गिऱ्हाइकाला मात्र मी सांगणार आहे की या गल्लीत फार आवाज असतो. आणि महिनाअखेर सामान बांधायला येशील, तेव्हा आधी माझ्याकडे ये. साखरेचा डबा मी माझ्या घरी आणून ठेवलाय, तोही न विचारता. गल्लीत शिरलीस की मी वरून हाक मारीन. ऐकू येणार नाही, माहीत आहे. म्हणून मान वर कर. मी फटीतून कानाची पाळी ओढून दाखवीन.

तुझी,
दीऊ